देव आला की आश्रुबा कुठं जातो?

आमच्या धर्मापुरीत देवांची टंचाई कधीच नव्हती. गावात जुनं दगडी देऊळ आहे, त्याच्या भिंतींवर इतक्या मूर्ती आहेत की एखादी कमी झाली तरी गावाच्या लक्षात यायची नाही. शिवाय आम्हा लिंगायतांच्या गळ्यात प्रत्येकी एक देव. आणि गावाबाहेर माळावर, धनगरांच्या वस्तीशेजारी, बिरोबा. बाकीचे देव आपापल्या जागी गप्प बसतात आणि तेच बरं असतं. बिरोबा मात्र बोलायचा. बोलायला तोंड लागतं, ते आश्रुबाचं होतं.

आता आश्रुबा कोण, असं गावात कुणाला विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, ज्याच्या अंगात बिरोबाचं वारं येतं तो. फारच खोदून विचारलं तर मेंढ्या वळतो तो, सारजाबाईचा नवरा, धनश्रीचा बाप. ह्यातून देव, मेंढ्या, बायको आणि पोरगी बाजूला काढली तर खाली आश्रुबा म्हणून काय उरतं, हा प्रश्न गावाला कधी पडला नव्हता. आश्रुबालाही पडला नव्हता. पडला तो आमच्या घरातल्या माणसाला, ज्याला दुसरा उद्योग नव्हता.

मी महादेवी. देवळाच्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, शिवलिंगप्पा, आणि गल्ल्यावर मी, कारण नवऱ्याला प्रवचनाचा नाद. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. कुठल्या मठात कुणी स्वामी बोलणार असं कळलं की अप्पा पायात चपला अडकवून एसटीत बसायचे आणि परत येताना एक प्रश्न घेऊन यायचे. मी कोण? हा देह म्हणजे मी नव्हे, हे मन म्हणजे मी नव्हे, मग मी म्हणजे कोण? एकदा मी विचारलं की देह तुम्ही नव्हे, मन तुम्ही नव्हे, तर रात्री माझ्या हातच्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी कोण फस्त करून जातं? अप्पा म्हणाले, तू बाजारी बाई आहेस, तुला नाही कळायचं. बाजारी तर बाजारी, दुकान माझ्यावर चालत होतं.

आश्रुबा आमचं रोजचं गिऱ्हाईक. उंच, सुकलेला, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. बोलणं जेमतेम. त्याची एक खोड म्हणा किंवा रोग म्हणा, त्याला कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. सारजा त्याला मिठाला पाठवायची, अप्पा त्याच्या हातात मिठासोबत शाम्पूच्या पुड्या ठेवायचे. तेव्हा नुकत्याच त्या बाजारात आल्या होत्या, एकेका पुडीवर मोकळ्या केसांची बाई. मेंढक्याच्या घरात शाम्पू कुणाला लावणार? आश्रुबा पुड्या बघायचा, मान हलवायचा, घेऊन जायचा. गावात जे कुठं खपायचं नाही ते सगळं आश्रुबाच्या घरात सापडायचं. सारजानं शेवटी त्या पुड्या एका आजारी मेंढीला लावल्या. मेंढी वारली, पण चमकत वारली.

असा हा माणूस. आणि दर अमावास्येला, जत्रेला, दसऱ्याला ढोल वाजला की ह्याच माणसापुढं अख्खी वस्ती आडवी पडायची. थरथर तळपायापासून सुरू व्हायची, मग मांड्या, मग कंबर, मग मान गरागरा फिरायची आणि पोटातून अशी आरोळी निघायची की माझ्या अंगावर काटा यायचा. लोकांनी विचारायचं, "कोन आलंय?" आतून उत्तर यायचं, "बिरोबा." मग अंगावर भंडारा उधळायचा, पाया पडायचं आणि आपापलं गाऱ्हाणं घालायचं. देव स्वतःच्या पाठीवर वेत ओढून घ्यायचा, सपासप, आणि पाठीवर साधा वळ उठायचा नाही. मी पुष्कळ सोंगं पाहिलीत, हे सोंग नव्हतं. त्याचे डोळे त्या वेळी कुणाकडंच बघत नसत.

देव गेला की तोच आश्रुबा पाणी पिऊन विचारायचा, "झालं का समदं?" आणि त्यालाच कुणीतरी झाडू आणून द्यायचं, कारण सांडलेला भंडारा झाडायचा असायचा. एवढ्या वेळात "देवा, तुमी" चं "ए आश्र्या" झालेलं असायचं. त्याला त्याचं काही वाटत नसे. वाटलं असेल तर बोलला नाही.

अप्पांना हे म्हणजे घरपोच मिळालेलं कोडं. एकदा आश्रुबा दुकानापुढच्या ओट्यावर टेकला होता तेव्हा त्यांनी त्याला धरलं. म्हणाले, आमचा देव गळ्यात असतो, तो बाहेर असल्यानं जागेची अडचण नाही. तुमचा थेट अंगात येतो. एका अंगात दोघं कसे मावतील? "देव आला की तू कुठं जातोस बे, आश्रुबा?"

आश्रुबानं बराच विचार केला. म्हणाला, "आसंल तितंच कुटंतरी, अप्पा. मेंढ्यापाशी. कुनीतरी बगाया पायजे ना त्यास्नी."

अप्पा ह्या उत्तरावर कित्येक दिवस खूश होते. मठात जाऊन सांगितलंही त्यांनी. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. माणूस आयुष्यभर स्वतःच्या अंगात पाहुण्यासारखा राहतो आणि मालक आला की उठून मेंढ्यांकडं जातो, ह्यात खूश होण्यासारखं काय आहे?

तोवर दिवस बदलत चालले होते. परळीच्या रस्त्यावर टेलिफोनच्या पिवळ्या पाट्या लागल्या. घरावर कौलं नसली तरी टीव्हीची छत्री बसली. देवाच्या दरबारातले प्रश्नही बदलले. आधी लोक विचारायचे की पाऊस कधी, मेंढ्यांना रोग कावून लागला, चुकलेली शेळी कुठल्या अंगाला. आता विचारायला लागले की बूथ मिळेल का, प्लॉट आता घेऊ का थांबू, पोराला पुण्याच्या कंपनीत घेतील का. बिचारा देव सगळा जन्म मेंढरांत काढलेला, त्याला पुण्याची कंपनी काय ठाऊक? पण तो सगळ्यांना "व्हईल" म्हणायचा. माझं स्पष्ट मत आहे की देवाला नाही म्हणायचं असलं तरी त्या तोंडाला तसं वळणच नव्हतं. उसनं तोंड घेतलं की त्याच्या खोडीही सोबत येतात.

ह्या आश्रुबानं जन्मात एकच गोष्ट मनानं केली होती. पोरीला शिकवलं. धनश्री दहावी चांगली पास झाली आणि अंबाजोगाईला वसतिगृहात राहून अकरावीला जाऊ लागली. वस्तीतून बाहेर शिकायला गेलेली ती पहिलीच पोर. ती गेली त्या दिवशी आश्रुबा दुकानात येऊन नुसता उभा राहिला. काय देऊ म्हटलं तर म्हणाला, काई न्हाई, पोरगी गेली शिकाया. एवढंच सांगायला तो माळावरून चालत आला होता. मी त्याला चहा पाजला.

वस्तीतलाच बंकट ह्या पोरीवर डोळा ठेवून होता, म्हणजे आपल्या मुलासाठी. बंकटनं वेळीच मेंढ्या विकून दोन जीपगाड्या घेतल्या होत्या, परळीच्या वाटेवर प्रवासी कोंबून नेणाऱ्या. पुढं टेलिफोनचा बूथही काढला. मुलगा शहादेव त्यातली एक जीप चालवायचा. काळा चष्मा, तोंडात गुटखा, दहावी तीनदा नापास. पोरगा वाईट नव्हता. नुसता होता. बंकटला वाटायचं की शिकलेली सून बूथवर बसली तर बरं दिसेल. त्यानं आश्रुबाला विचारून पाहिलं होतं. आश्रुबा मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरत बसला. आश्रुबाचं "नाही" म्हणजे एवढंच, आणि बंकटला ते चांगलं कळलं. म्हणून त्यानं आश्रुबाला विचारायचं सोडलं आणि देवाला विचारायचं ठरवलं.

त्या वर्षी भाद्रपदात देशभरातले गणपती दूध प्यायले होते. आमचे अप्पाही वाटी-चमचा घेऊन धावले आणि माझ्या चहाचं दूध कुठल्याशा सोंडेला लावून आले. त्या गडबडीनं लोकांचा देवांवरचा विश्वास भलताच वाढला होता. अशा हंगामात दसरा आला. माळावर ढोल वाजला, आश्रुबा थरथरला, बिरोबा आला. बूथवाले, प्लॉटवाले आपापलं "व्हईल" घेऊन बाजूला झाले. मग बंकट हात जोडून पुढं आला आणि म्हणाला, "देवा, आश्रुबाची धनश्री आमच्या शहादेवला दिली म्हना."

देव म्हणाला, "दिली." आणि मूठभर भंडारा शहादेवच्या डोक्यावर टाकला. चष्मा सुद्धा पिवळा झाला.

सरकारनं मुलीच्या लग्नाला अठरा वर्षं ठरवली होती, पण ते बिरोबाला कळवायचं राहून गेलं होतं. लोकांनी चांगभलं केलं, गूळ वाटला. आश्रुबा शुद्धीवर आला, पाणी प्याला, नेहमीसारखं विचारलं, झालं का समदं. झालं म्हणाले, तुझी पोर दिली. आश्रुबा हसला. त्याला वाटलं थट्टा चाललीय. मग त्याला सारजा दिसली. ती तोंडावर पदर धरून बसली होती. त्याचं हसू तिथंच विरलं.

दुसऱ्या दिवशी तो बंकटकडं गेला. काय बोलणं झालं ते त्यानं मला आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. तो म्हणाला होता की पोरीला शिकायचं हाय. बंकट गोड बोलून म्हणाला की शिकू दे की, बूथवर बसून शिकंल. तेव्हा आश्रुबानं सगळा जोर एकवटून म्हटलं की मी काय तुला शब्द दिलेला न्हाई. त्यावर बंकट जे बोलला ते आश्रुबानं मला दोनदा ऐकवलं, कारण त्याला त्यातली चूक सापडत नव्हती.

"तुजा शब्द मागितलाय कुनी, आश्रुबा? तोंड तुजं, शब्द देवाचा. तू मदी कोन?"

अप्पांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, बंकटच्या तोंडून कधी नव्हे ते ज्ञान बाहेर पडलं, देह हे भाड्याचं घर आहे आणि बोलणारा निराळाच आहे. मी म्हटलं, अप्पा, आत जाऊन डाळ निवडा. संसाराच्या इतक्या वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच सांगितलं आणि ते मुकाट्यानं आत गेले सुद्धा.

मी आश्रुबाला म्हटलं, एवढं काय, पुढच्या वेळी देवालाच परत विचारायला लावायचं. शब्द त्याचा, तर बदलेलही तोच. आश्रुबानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"आन त्यो परत दिली म्हनला तर? मी तितं नसतो, अक्का. माज्या पोरीचं ठरंल आन मी तितं नसंन."

मला भरून आलं. गल्ल्यावर बसून माणसाला रडता येत नाही, म्हणून मी त्याच्यावरच ओरडले. म्हटलं, मग ढोंग कर. नुसती मान फिरव आणि नाही म्हण, कोण तपासायला बसलंय? तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला चोरी शिकवत होते. म्हणाला, त्ये देवाचं हाय, अक्का, तितं खोटं चालत न्हाई. आणि उठून गेला.

दिवाळीला धनश्री घरी आली आणि तिला सगळं कळलं. ती बोलेनाशी झाली. बंकटनं दिवाळीनंतरच्या रविवारी सुपारी फोडायचं ठरवलं, बिरोबाच्या पुढ्यात, देवाला बोलावून, त्याच्याच हातून. आदल्या दिवशी सारजा नारळ न्यायला दुकानात आली. नारळ घेईना, नुसती हात लावून बघत राहिली. मी विचारलं, आश्रुबा काय म्हणतो. ती म्हणाली, काय म्हनंल? आणि मग तिचं सुटलं. म्हणाली, देव आला की मी सुद्धा चार बायांसारखी ह्याच्या पाया पडते, कुंकू लावते. देव गेला की ह्यो मेंढ्यामागं जातो. मेंढ्या कोंडल्या की गप झोपतो. "अक्का, लगीन झाल्यापासून मी कुनासंगं राहते, मला ठावं न्हाई." मी तिला नारळ बांधून दिले.

रविवारी दुपारी आम्ही दोघंही माळावर गेलो. बंकटनं मांडव घातला होता, बुंदीचा घाणा पडला होता, जिपा भरभरून पाहुणे येत होते. धनश्रीला बंकटकडच्या बायांनी नवी साडी नेसवून मांडवाच्या खांबापाशी उभी केली होती. तिच्या अंगावर ती साडी नुसती गुंडाळलेली दिसत होती. पुढच्या रांगेत बंकटची आई केसरबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, देवाच्या पाया पडायला सगळ्यांत आधी येऊन बसलेली. आश्रुबाला घोंगडीवर बसवलं. ढोल वाजायला लागला.

थरथर सुरू झाली. तळपाय, मांड्या, कंबर. मग ती छातीपाशी येऊन अडकली. आश्रुबानं दात असे आवळले की गालाची हाडं बाहेर आली. घामानं बंडी भिजली. दोन्ही हातांनी त्यानं खालची घोंगडी मुठीत धरली होती, आणि मान फिरू बघत होती, तो फिरू देत नव्हता. ढोलवाल्यानं जोर केला. मला वाटलं, हा माणूस आज इथंच संपतोय. अप्पांनी माझा हात धरला. चार माणसांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

आणि एकदम सगळं थांबलं. आरोळी आली नाही. आश्रुबानं डोळे उघडले, आणि ते आमच्याकडं बघत होते.

बंकटनं हात जोडून रीतीप्रमाणं विचारलं, "कोन आलंय?"

"आश्रुबा."

ढोल बंद पडला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. आता अशा वेळची एक रीत आहे. देवानं आपलं नाव सांगितलं नाही तर दुसरंच कुणीतरी शिरलंय असं समजायचं, कुणीतरी मेलेलं, अडकलेलं. त्याचं नाव-गाव विचारायचं आणि मागेल ते देऊन त्याला घालवायचं. बंकटला ही रीत तोंडपाठ होती आणि घाबरलेला माणूस रीतच धरतो.

"कंच्या गावचा?" त्यानं दरडावून विचारलं.

"इतलाच."

"कवा मेलास?"

"मेलो न्हाई आजून."

इथं कुणीतरी फिसकन हसलं. ती मीच होते. बंकटनं माझ्याकडं रागानं बघितलं आणि पुन्हा आश्रुबाकडं वळला. म्हणाला, नारळ देतो, कोंबडं देतो, काय घेऊन जायचं ते सांग आणि ह्याला सोड.

आश्रुबा म्हणाला, "मी जात न्हाई. ह्ये आंग माजं हाय."

बंकटनं देवाचा वेत उचलला. भुताला वेतानं काढतात, तेही रीतीतच बसतं. एक सणसणीत पाठीवर ओढला. इतकी वर्षं त्या पाठीवर तो वेत पडत आला होता आणि तिनं कधी दाद दिली नव्हती. ह्या वेळी आश्रुबा "आई गं" करून कळवळला. त्यानं हात मागं नेऊन पाठ चाचपली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो हसायलाही लागला.

"लागलं," तो म्हणाला. "लई लागलं मला."

बंकटनं वेत पुन्हा उगारला तो सारजानं वरच्या वर धरला. ती म्हणाली, माज्या नवऱ्याला मारायचं न्हाई. बंकट ओरडला की नवरा न्हाई त्यो, भूत हाय. सारजानं वेत हिसकून मांडवाबाहेर फेकला.

"भूत असू दे. लगीन झाल्यापासून पैल्यांदा घरी आलाय."

आश्रुबा उठून उभा राहिला. पाय लटपटत होते पण ते त्याचेच लटपटत होते. तो म्हणाला की देव दिली म्हनला आसंल, देवाचं देवापाशी, मी न्हाई म्हनतो. माळावर असं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या अप्पांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर समोर पाठ चोळत उभं होतं आणि त्यांना ते ओळखू येत नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. त्यानंतर आश्रुबाच्या अंगात देव कधी आला नाही. वर्षभर देव बिनतोंडाचा राहिला, मग एका अमावास्येला तो चालत्या जीपमध्ये शहादेवच्या अंगात आला. आता शहादेवचं बरं चाललंय, काळा चष्मा लावूनच तो कौल देतो. देव आला तरी गिअर बरोबर टाकतो असं प्रवासी सांगतात. आश्रुबाचा मान गेला, नारळ गेले, अमावास्येचं गोडधोड गेलं. बदल्यात त्याला "न्हाई पायजे" म्हणता यायला लागलं, आणि ते त्याला इतकं आवडलं की मीठ हवं असलं तरी आधी न्हाई म्हणतो, मग घेतो. अप्पांनी मठात जाणं सोडलं नाही, पण "देह म्हणजे मी नव्हे" असं ते घरात माझ्यासमोर म्हणत नाहीत.

पण त्या दुपारी माळावर काहीच मिटलेलं नव्हतं. उलट खरी रणधुमाळी तिथून सुरू झाली. अर्धे म्हणाले, बापाचा शब्द तो शब्द. अर्धे म्हणाले, देव मोठा का आश्रुबा मोठा? बंकट म्हणाला, भरल्या मांडवात देवाचं दान कुणाला फिरवता येत नाही. कुणी म्हणालं, बुंदी तर झालेलीच आहे. आश्रुबा एकेकाला "न्हाई, न्हाई" म्हणत होता. नवीनच शिकलेला शब्द, पुरवून पुरवून वापरत होता. पोर देवाची का बापाची, ह्यावर पन्नास तोंडं एकदम सुटली होती, आणि खरं सांगते, माझंही त्यात एक होतं.

मग धनश्री खांबापासून निघून मधोमध येऊन उभी राहिली. साडीचा घोळ तिनं एका हातानं वर धरला होता. आवाज चढवला नाही तिनं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"देव म्हनतो दिली. आबा म्हनतेत दिली न्हाई. मी काय मेंढी हाय का? मला इचारलंय कुनी?"

सगळ्यात आधी गप्प झाला तो आश्रुबा. नुकताच जिंकलेला माणूस तो, पाठीवरचा वळ अजून लाल होता. मला वाटलं, आता हा पोरीला दटावणार, बाप आहे, आजच बाप झालाय. पण त्यानं विचारलं, "काय पायजे तुला, माय?"

"शिकायचं हाय. शिकले की लगीन करायचं का न्हाई आन कुनासंगं, त्ये मी सांगन. तवर मला इचारायचं न्हाई. माज्याबद्दल देवाला बी इचारायचं न्हाई."

आश्रुबा म्हणाला, बरं. बुंदीच्या कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं.

तेवढ्यात केसरबाई उठली. बंकटची आई, नवरदेवाची आजी. डोळ्यांनी तिला काही दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते, आणि उभ्या जन्मात ह्या माळावर असं सरळ, न घाबरता बोललेलं तिनं एका देवाच्याच तोंडून ऐकलं होतं. चाचपडत ती पुढं आली. तिनं ताटातला भंडारा चिमटीत घेतला, पोरीचं कपाळ शोधलं, भंडारा लावला. बंकट "आई, आगं आई" करत राहिला आणि म्हातारी वाकून धनश्रीच्या पायांवर डोकं टेकून मोकळी झाली.

"कोन आलीस, माय?" तिनं विचारलं.

धनश्रीनं तिला दोन्ही हातांनी धरून उभी केली.

"कुनी आलं न्हाई, आज्जी. मी हाय. मी इतंच होते."